वायफायची आलमारी

भूपेंद्रला मी लहानपणापासून ओळखतो आणि लहानपणापासूनच तो मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एखाद्या माणसाची हकीकत लिहायला घेतली म्हणजे त्यात काहीतरी थोर असणार, असा उगाच कोणाचा समज व्हायला नको. थोर काहीही नाही. मी प्रेमदास. विद्यापीठाच्या हॉस्टेलात मेस चालवतो. दोन्ही वेळा भूपेंद्रच्या ताटात मीच वाढतो आणि वाढता वाढता जे दिसलं ते सांगतो.

आम्ही दोघंही सिंदी रेल्वे गावचे. त्याचे वडील हिरालालजी कापसाचे व्यापारी. स्टेशनच्या रस्त्याला दुकान, मागे गोदाम, वर घर. पैसा बऱ्यापैकी होता आणि पैशापेक्षा कुलपं जास्त होती. तिजोरीला कुलूप असतं हे मी समजू शकतो. पण त्या घरात टेलिफोनच्या चकतीला कुलूप होतं, टीव्हीच्या लाकडी पेटीला कुलूप होतं, साखरेच्या डब्याला कडी ठोकून कुलूप होतं. प्रमिलाबाई, म्हणजे भूपेंद्रची आई, चहाला उठली की आधी कमरेच्या किल्ल्या वाजत, मग पातेलं वाजे. रोज संध्याकाळी हिरालालजी दुकानाला कुलूप लावत आणि ते ओढून पाहत. थोडं पुढे जात, परत येत, पुन्हा ओढत. मग "पक्कं हाये" एवढंच म्हणून जिना चढत. कौतुकाचा शब्द म्हणून त्यांच्या तोंडून मी एवढाच ऐकला, आणि तो नेहमी कुलपाच्या वाट्याला यायचा. पोराच्या वाट्याला कधी आला नाही.

यावा असं पोरात काही नव्हतंही. बारावीला गटांगळ्या खाऊन झाल्यावर भूपेंद्रनं गोदामाच्या कोपऱ्यात टीव्ही गेमचं दुकान काढलं. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. सिंदीत तेव्हा तसली चीज कोणी पाहिलेली नव्हती. पोरं शाळा बुडवून तिथे पडलेली असायची. दुसरा कोणी असता तर त्यानं दोन वर्षांत नाव काढलं असतं. भूपेंद्रनं काय केलं? ते गेमचं मशीन चोरीला जाईल म्हणून पत्र्याच्या पेटीत कोंबलं, पेटीला भोक पाडून वायरी बाहेर काढल्या आणि पेटीला वडिलांच्या दुकानातलं जाडजूड कुलूप ठोकलं. खेळायची बटणं सायकलच्या साखळीनं बाकाला बांधली. आमच्याकडचा उन्हाळा, वर पत्र्याचं छप्पर, त्यात बंद पेटी. मे महिन्यात मशीन आतल्या आत वितळलं. भूपेंद्रचं म्हणणं, पोरांनी जास्त खेळून जाळलं. त्यानंतर त्यानं एसटीडी बूथ काढून बुडवला, केबलचा धंदा काढून बुडवला. मधल्या काळात धाकटा भाऊ दुकानाच्या गादीवर जाऊन बसला आणि कापसाचा भाव बोलू लागला. भूपेंद्र तिशी ओलांडली तरी जेवताना वडिलांच्या नजरेला नजर देत नसे.

अशा माणसाला कोण उभं करणार? भैय्याजींनी केलं. भैय्याजी आमच्या संस्थेचे अध्यक्ष. केळझरच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांनी आधी कॉलेज काढलं, मग पाटी बदलून विद्यापीठ केलं. त्यांना दोन गोष्टींचं वेड, उद्घाटन आणि जिल्ह्यात पहिलं असणं. दोन हजार आठ साली त्यांनी ठरवलं की हॉस्टेलात वायफाय आणायचं. का, तर जिल्ह्यात कोणाच्या हॉस्टेलात नाही. प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात एकेक छोटा डबा बसला, दोन शेपट्या असलेला. त्यातून हवेतून नेट खोल्यांत जाणार. आता एवढ्या गोष्टीला सांभाळणारा माणूस हवा. हिरालालजींची आणि भैय्याजींची जुनी ओळख. भूपेंद्र वायरलेस इन्चार्ज झाला. एक वर्ष हंगामी, काम बरं वाटलं तर कायम.

नेमणूक झाली त्या दिवशी हिरालालजी त्याला सोडायला आले होते. मेसमध्ये चहा घेताना माझ्यासमोरच म्हणाले, "हे बी गेलं त सिंदीले येजो. पण गादीवर तुया भाऊ बसते. तू खाली बसजो, काट्यापाशी." भूपेंद्रनं बशीतला चहा संपवला आणि पोरांना आतापासून आपल्याला सर म्हणायला सांग, असं मला बजावलं.

सर झाल्यावर सरांनी पहिलं काम काय केलं असेल? नागपुरात कुठल्याशा कॉलेजातून असला डबा चोरीला गेल्याची बातमी त्यानं कुठेतरी ऐकली. झालं. संस्थेच्या खर्चानं चार लोखंडी आलमाऱ्या आणवल्या, दर मजल्याला एक. डबा आलमारीत, आलमारीच्या पाठीला वायरीपुरतं भोक, दाराला कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. प्रमिलाबाईंच्या कमरेची छमछम मला वीस वर्षांनी पुन्हा ऐकू यायला लागली. पत्र्याच्या पेटीत एक मशीन जाळलेला माणूस तेच पुन्हा करत होता, फक्त पेटी मोठी झाली होती. आणि हे पाहायला तिथे कोण होतं? इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे प्राध्यापक, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी दोनशे पोरं. कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. लोखंडी आलमारी पाहिली की आमच्याकडे माणसाला आत काहीतरी मौल्यवान आहे आणि ते सुरक्षित आहे एवढंच सुचतं.

नेट अर्थातच येईना. आलमारीला चिकटून बसलं तर लॅपटॉपवर थोडंफार यायचं. पोरं व्हरांड्यात आलमारीला पाठ लावून ओळीनं बसायची, थंडीत शेकोटीला बसतात तशी. खोलीत गेलं की संपलं. तक्रार केली की भूपेंद्र म्हणे, तुमचे लॅपटॉप स्वस्तातले आहेत.

त्यात अंकितनं गेमचं मशीन आणलं. अंकित आष्टीचा, बापाचं किराण्याचं दुकान, स्वतः तिसऱ्या वर्षाला, अभ्यासाच्या नावानं आनंद. मामानं परदेशातून पाठवलेलं ते काळं चकचकीत मशीन त्यानं खालच्या कॉमन रूमच्या टीव्हीला जोडलं. नेट लागलं तर दूरदेशीच्या पोरांशी गाड्यांच्या शर्यती लावता येतात म्हणे. आपल्या देशाची उभारी असल्या हातांत आहे, तेव्हा काळजी नको.

आता एक अडचण अशी की लॅपटॉपवर नाव आणि पासवर्ड टाकायचं पान उघडतं, गेमच्या मशीनवर तसं पान उघडत नाही. म्हणून मशीनच्या बुडाला छापलेला नंबर इन्चार्जनं आपल्या कॉम्प्युटरमध्ये टाकून त्याला परवानगी द्यायची असते. दोन मिनिटांचं काम. भूपेंद्रनं त्याचा सोहळा केला. अर्ज आण, त्यावर बापाची सही आण, रेक्टरची सही आण, मशीन माझ्यासमोर आण, मी पाहतो. अंकितनं आष्टीला जाऊन बापाची सही आणली. बापाला सांगितलं परीक्षेचा फॉर्म आहे. भूपेंद्रनं मशीन उलटंपालटं करून पाहिलं, हुंगून पाहिलं, आणि शेवटी एका बोटानं टिचकी मारत मारत नंबर टाकला. नंबर बरोबर होता. परवानगी मिळाली. मशीन काही लागलं नाही, कारण व्हरांड्यातली आलमारी बंद होती.

अंकित रोज येऊन कटकट करायचा. भूपेंद्रनं त्यावर शोध लावला. "हे मशीन वायरलेस पिते," त्यानं मला जेवताना गंभीरपणे सांगितलं. "एकट्यानं साऱ्या हॉस्टेलचं पिऊन राह्यलं. म्हणून बाकीच्याईले पुरत नाई." मी त्याला विचारलं, मग त्या मशीनला तरी मिळतं का? तो म्हणाला, पिणाऱ्याचं पोट कधी भरते काय. या माणसाच्या हाती भैय्याजींनी चार मजले दिले होते.

तक्रारी भैय्याजींच्या कानावर गेल्याच. त्यांनी निरोप पाठवला की खंडेनवमीच्या पूजेला मी स्वतः येतो, त्या दिवशी मला वायफाय चालताना दिसलं पाहिजे. भूपेंद्रचं तोंड उतरलं. पुढचे काही दिवस तो ताटातल्या भाजीकडे पाहत बसायचा. काट्यापाशी बसायचं, वर गादीवर धाकटा भाऊ, आणि ओळखीचा एकेक शेतकरी येऊन विचारणार, काऊन बा, नोकरीचं काय झालं? हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. मला दया आली असं मी म्हणणार नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या हत्याराची पूजा करतो. मी माझी पातेली, झारे, शेगडी घासून मांडली. ड्रायव्हरनं बस धुतली. वर्कशॉपमध्ये लेथला हार चढला. मग वायफायच्या डब्याची पूजा नको? हवीच. भैय्याजी झब्बा घालून, मागे दोन प्राध्यापक घेऊन, तळमजल्याच्या आलमारीपुढे उभे राहिले. समोरच कॉमन रूम. तिथे अंकित आणि पोरं टीव्ही लावून, मशीन लावून, तोंडं पाडून बसलेली. भूपेंद्रनं किल्ली लावली. पूजेसाठी दाराच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या, कारण बंद दाराआड देवाला हळदकुंकू कसं लावणार? डब्याला कुंकू लागलं, झेंडूची माळ शेपट्यांवर अडकवली, निरांजन फिरलं.

आरतीचं दुसरं कडवं सुरू होतं तेवढ्यात कॉमन रूममधून अशी आरोळी आली की माझ्या हातातलं नारळाचं तबक हललं. अंकितचं मशीन लागलं होतं. टीव्हीवर रस्ता धावायला लागला, गाड्या सुटल्या, आणि कुठल्या तरी परक्या देशातलं नाव कोपऱ्यात दिसू लागलं. भैय्याजींनी आरती तशीच सोडून जाऊन पाहिलं. प्राध्यापकांनी पाहिलं. सगळे परत फिरून त्या डब्याकडे हात जोडून बघायला लागले. भूपेंद्र तर जमिनीवर डोकंच टेकून मोकळा झाला. भैय्याजी म्हणाले, संक्रांतीला मी पुन्हा येतो, हिरालालजींनाही घेऊन येतो. तोवर एकाही पोराची तक्रार आली नाही तर कायमचं पत्र तिथेच देईन.

नारळ फुटला, आलमारी बंद झाली आणि अंकितची गाडी जागच्या जागी थिजली.

दुसऱ्या दिवशी घाबऱ्याघुबऱ्या भूपेंद्रनं पुन्हा पूजा केली. पुन्हा लागलं. मग त्यानं नेमच केला, संध्याकाळी दिवेलागणीला चारही मजल्यांवर आलमारी उघडून आरती. जेवढा वेळ आरती तेवढा वेळ नेट. जी पोरं कॉलेजच्या गणपतीला वर्गणी देताना कुरकुरायची ती आता आंघोळ करून, लॅपटॉप पोटाशी धरून, व्हरांड्यात दाटीवाटीनं उभी राहायला लागली. आरती लांबावी म्हणून ज्यांना जी येईल ती आरती म्हणायची. देवीची झाली, शंकराची झाली, मारुतीची झाली. कोणी घालीन लोटांगण सुरू केलं की बाकीचे त्याचं तोंड दाबायचे, कारण ते शेवटी असतं. सगळ्यात कमाल फिजिक्सच्या प्राध्यापकांनी केली. त्यांनी स्टाफ रूममध्ये सांगितलं की घंटेच्या नादानं लहरी शुद्ध होतात. सहावा वेतन आयोग लागला तर याला किती मिळेल, असा विचार करत मी चहा गाळत राहिलो.

हे असं दिवाळीच्या पुढपर्यंत चाललं. मग एका संध्याकाळी गर्दीत कोणाची तरी पाठ दाराला लागली, दोन्ही झडपा मिटल्या. आरती जोरात चालूच होती, घंटा चालू होती, आणि अंकितची गाडी थांबली. त्यानं मान वळवून पाहिलं. उठून दार उघडलं, गाडी सुटली. दार लोटलं, गाडी थांबली. इतक्या वर्षांत त्या पोरानं विद्यापीठात केलेला तो पहिला प्रयोग.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेस रिकामी झाल्यावर तो भूपेंद्रसमोर येऊन बसला. मी कढीचं भांडं घेऊन तिथेच होतो. त्यानं सरळ सांगितलं, "सर, आरतीनं काही होत नाई. दार उघडं राह्यते म्हणून चालते. लोखंडाच्या बाहेर ते येतच नाई. आलमाऱ्या काढून टाका, दिवसभर चालन."

मला वाटलं, आता भूपेंद्र तोंडात बोट घालेल, निदान लाजेल तरी. त्यानं कढीचा घास गिळला, बोटं चाटली आणि शांतपणे म्हणाला, "मले माहीत हाये."

पूजेच्या पाचव्या-सहाव्या दिवशीच त्याच्या ध्यानात आलं होतं. एकदा घंटा सापडली नाही, शोधेपर्यंत दार उघडं राहिलं, तर वरच्या मजल्यावरून पोरं ओरडली की लागलं. तरी त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि आलमारी काढली नाही. अंकितनं विचारलं, काऊन? तेव्हा या माणसानं जे उत्तर दिलं ते ऐकून माझ्या हातातली कढी निवली.

"उघडी ठेवली त चालत राहीन," भूपेंद्र म्हणाला. "मग मले कोण विचारन? माणूसच कायले पाह्यजे इथं? आता पाय, दिवे लागले का दोनशे पोरं माही वाट पाहून राह्यते. माही वाट आजपर्यंत कोणीच नाई पाह्यली."

बोलून झाल्यावर तो रडला वगैरे नाही. पुन्हा कढी मागितली. आणि मी सांगतो, तो ठोंब्या होता तोवर मला सहन होत होता. सगळं कळून, दोनशे पोरांचं नेट रोज कमरेला अडकवून फिरणारा हा माणूस पाहिल्यावर मात्र माझा संताप झाला. त्याच्या ताटात मी कढी आदळली.

अंकित म्हणाला, संक्रांतीला भैय्याजींपुढे सांगून टाकतो. भूपेंद्रचा चेहरा पांढरा पडला. आता पोरगं ताठ उभं राहील, सगळ्यांचं भलं होईल, असं मला क्षणभर वाटलं. पण पोरगं आष्टीच्या दुकानदाराचं. ज्ञान हाती आल्याबरोबर त्यानं त्याचा सौदा केला. आरती जेवणाच्या घंटेपर्यंत चालली पाहिजे, आणि तळमजल्याची आलमारी सर्वांत आधी उघडायची, सर्वांत शेवटी लावायची. दिवसभर सगळ्यांना मिळण्यापेक्षा संध्याकाळी आपल्याला आधी मिळावं, हे त्याला जास्त पटलं. दोघांनी तिथल्या तिथे मान डोलावली. मी भांडं घेऊन आत गेलो.

तुम्ही म्हणाल, प्रेमदास, तू का नाही सांगितलंस? मी ड्रायव्हरला सांगितलं, रेक्टरला सांगितलं. रेक्टर म्हणाले की मेसवाल्यानं वरणात डाळ किती आहे ते पाहावं.

संक्रांतीला भैय्याजी आले. बरोबर हिरालालजी, पांढरी टोपी, काठी, बरेच थकलेले. भूपेंद्रनं रेशमी सदरा घातला होता. व्हरांडा पोरांनी गच्च भरला होता, कोणी हालत नव्हतं, सगळ्यांची नजर त्याच्या कमरेच्या जुडग्यावर. त्यानं किल्ली काढली तशी एकदम शांतता झाली. हिरालालजींनी मान वर करून त्या गर्दीकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे पाहिलं. दार उघडलं, आरती उठली, पडदे उजळले, अंकितची गाडी सुसाट निघाली. संस्कार आणि विज्ञान एका छताखाली नांदतात असं भैय्याजी बोलले. मग त्यांनी खिशातून पाकीट काढून हातात धरलं आणि विचारलं की कोणाची काही तक्रार?

भूपेंद्रनं डोळे मिटून घेतले. मी मेसच्या दारातून अंकितकडे पाहत होतो. त्यानं हातातली बटणं न सोडता सांगितलं, "काही तक्रार नाई. सरांशिवाय इथं काहीच चालत नाई."

पाकीट भूपेंद्रच्या हातात पडलं. तिळगूळ वाटला, टाळ्या झाल्या. भैय्याजींना उशीर होत होता म्हणून आरती आटोपती घेतली. भूपेंद्रनं आलमारीच्या झडपा मिटल्या, कुलूप लावलं. टीव्हीवर गाडी एका वळणावर थिजून उभी राहिली. पोरं हळहळत लॅपटॉप मिटायला लागली.

हिरालालजी काठी टेकत आलमारीपाशी आले. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. गाडीकडे निघाले, थोडं पुढे गेले, थांबले, परत आले. पुन्हा ओढलं, चांगलं जोरात.

"पक्कं हाये," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी कुलपाकडे नाही, मुलाकडे पाहिलं.

चाळिशीला टेकलेला तो माणूस रेशमी बाहीनं डोळे पुसत उभा राहिला. चारही मजल्यांवर नेट बंद होतं.